वधमंचाखालची मुले : एका आख्यायिकेची चिकित्सा

१

४ ऑगस्ट १४७७ रोजी पॅरिसच्या ले आल या बाजारपेठेत नमूरचा ड्यूक जाक दार्मान्याक याचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तके वाचणाऱ्यांच्या मनात या प्रसंगाचा एक तपशील घर करून बसलेला असतो. तो असा की, राजा लुई अकरावा याने ड्यूकच्या अल्पवयीन मुलांना वधमंचाच्या खाली उभे केले आणि फळ्यांच्या फटींतून पित्याचे रक्त त्यांच्या अंगावर ठिबकले.

या तपशिलाला समकालीन पुराव्याचा आधार नाही. शातले न्यायालयातील नोटरी जाँ द रॉय याने त्या राजवटीचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. ड्यूकच्या वधाचे वर्णनही त्यात आहे. मुले मात्र त्यात नाहीत. याहून बोलका पुरावा १४८४ सालचा आहे. लुईच्या मृत्यूनंतर तूर येथे भरलेल्या राज्यसभेपुढे नमूरच्या मुलांची तक्रार मांडण्यात आली. दिवंगत राजाविरुद्ध जे जे सांगता येण्याजोगे होते ते सांगण्याची ती वेळ होती. असे असता, रक्ताच्या थेंबांचा उल्लेख तेथेही झाला नाही. अठराव्या शतकात व्होल्तेरसारख्या लेखकाने ही कथा सांगितली; एकोणिसाव्या शतकात मिश्लेने समकालीनांच्या मौनाकडे बोट दाखविले. तरीही कथा टिकून राहिली.

इतिहासकाराचे काम कदाचित येथे संपेल. साहित्याच्या अभ्यासकाचे काम मात्र येथून सुरू होते. एखादी कथा असत्य ठरल्यावरही ती स्वीकारार्ह का वाटते, हा त्याचा प्रश्न होय. निरंकुश राजसत्तेविषयी अठराव्या शतकात वाढत गेलेली चीड हे त्याचे एक उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. चिडीने क्रौर्य रंगवावे हे समजते. पण ते क्रौर्य मुलांच्याच अंगावर का सांडावे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मूळ शिक्षेची भाषा वाचणे आवश्यक आहे.

२

त्या भाषेचा उत्तम नमुना १३४ वर्षे आधीच्या एका वधात सापडतो. ब्रिटनीच्या वारसायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेला उमराव ऑलिव्हिए द क्लिसों याच्यावर इंग्लंडच्या राजाशी संगनमत केल्याचा आरोप आला. शनिवार, २ ऑगस्ट १३४३ रोजी त्याला देहान्त शासन झाले. राजदरबाराशी निगडित असलेल्या महावृत्तांतात या शिक्षेची नोंद आहे. तीत चार क्रिया क्रमाने येतात : शातलेपासून ले आलपर्यंत त्याला फरफटत नेणे, तेथील मंचावर शिर उडविणे, धड मोंफोकोंच्या वधस्थानी नेऊन सर्वांत वरच्या मजल्यावर लटकविणे, आणि शिर नांत शहरी धाडून सोवतू वेशीवर भाल्याच्या टोकाला लावणे.

या चार क्रियांपैकी माणूस दुसऱ्याच क्रियेत मरतो. उरलेल्या क्रिया कोणावर घडतात? त्या काळच्या ढोबळ रीतीप्रमाणे शिरच्छेद हा उमरावाचा मृत्यू, तर फास हा सामान्य चोराचा. क्लिसोंला प्रथम त्याच्या दर्जाचा मृत्यू देण्यात आला. मग त्याच्या प्रेताला चोराचा मृत्यू देण्यात आला. जणू तलवारीने त्याचे उमरावपण मान्य केले आणि दोराने ते काढून घेतले. मोंफोकों हे सोळा दगडी खांबांचे, मजल्यामजल्यांचे वधस्थान होते. तेथील ‘सर्वांत वरचा मजला’ ही उच्च कुळाची क्रूर विटंबनाच म्हणावी लागेल. शिर नांतला पाठविण्याचा हेतू तर उघडच आहे. पॅरिसला क्लिसों हा एक अपराधी होता. नांतच्या परिसरात क्लिसों हे एका घराण्याचे, एका गढीचे आणि एका मुलखाचे नाव होते. शिक्षा त्या नावाला द्यावयाची होती. त्याच वर्षी त्याची विधवा जान द बेलव्हिल हिला हद्दपार करून मालमत्ता जप्त करण्यात आली, ही त्याच वाक्याची पाचवी क्रिया होय.

३

याच घटनेकडे फ्रॉयसार कसा पाहतो, हे तपासण्यासारखे आहे. वधाच्या वेळी तो जेमतेम सहा वर्षांचा असावा. त्याचे लेखन बरेच नंतरचे. क्लिसोंच्या अपराधाविषयी तो शंका व्यक्त करतो. मात्र शंकेचे कारण म्हणून तो पुरावा पुढे करीत नाही. इतका कुलीन, शूर आणि संपन्न सरदार विश्वासघात करील हे आपल्याला पटत नाही, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. याउलट, आरोपीने स्वतःच अपराध कबूल केला, असे महावृत्तांत सांगतो.

काही अभ्यासक फ्रॉयसारच्या या शंकेत निःपक्षपातीपणा पाहतात. तसे मानणे धाडसाचे आहे. राजपक्षाचा प्रमाणशब्द ‘कबुली’, तर फ्रॉयसारचा प्रमाणशब्द ‘कुलीनता’. दोघेही आपापल्या आश्रयदात्यांच्या भाषेत बोलतात. एका बाबतीत मात्र त्यांचे एकमत आहे. व्यक्तीचा अपराध वा निरपराधित्व हे तिच्या घराण्यापासून वेगळे काढता येत नाही, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. फ्रॉयसारच्या मते कूळ माणसाला निर्दोष ठरवते. राजाच्या मते माणूस कुळाला दोषी ठरवतो.

१४०९ मध्ये शिरच्छेद झालेल्या जाँ द मोंताग्यूचे प्रकरण या गृहीताची दुसरी बाजू दाखविते. राजगृहाचा हा मुख्य अधिकारी. त्याचेही धड मोंफोकोंला टांगण्यात आले. परंतु १४१२ मध्ये पारडे फिरले, त्याचे नाव निष्कलंक ठरविण्यात आले आणि अवशेष खाली उतरवून त्याने स्वतः स्थापन केलेल्या मार्कुसीच्या मठात सन्मानाने पुरण्यात आले. मेलेल्या माणसाची शिक्षा रद्द होऊ शकते, याचा अर्थ ती केवळ देहाला दिलेली नव्हती.

४

येथे ‘लिन्याज’ या जुन्या फ्रेंच शब्दाचा विचार केला पाहिजे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ तागाचा धागा, दोरी, रेषा असा आहे. संस्कृत ‘वंश’ शब्दाचा मूळ अर्थ वेळू. पेरामागून पेर वाढते ही त्यामागील कल्पना. फ्रेंच शब्दात वाढ नाही, अखंडता आहे. धागा कोठेही तुटला तरी तो सबंध तुटतो. मध्ययुगीन उमरावाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. नमूरच्या ड्यूकने कैदेतून राजाला लिहिलेल्या पत्रात नुसती जीवदानाची याचना नाही. आपल्याला लज्जास्पद मरण येऊ नये आणि आपल्या मुलांवर अप्रतिष्ठेत, भीक मागून जगण्याची पाळी येऊ नये, अशी त्याची विनवणी आहे. मंचावरील घाव मुलांवर पडणार, हे तो स्पष्टपणे लिहितो. तो घाव पडलाही : घराण्याची मालमत्ता वाटली गेली आणि तिचे वाटेकरी काही न्यायाधीशच झाले.

पुढील शतकांत हा अर्थ झिजला. अपराध ज्याचा त्याचा, शिक्षाही ज्याची त्याची, ही धारणा दृढ होत गेली, तसतशी ‘घराण्याला शिक्षा’ ही गोष्ट वाचकाच्या जाणिवेतून निसटली. मग शब्दाची जागा दृश्याने घेतली. पित्याचे रक्त मुलांना लागते, हे जुन्या लेखांत कायद्याचे सत्य होते. आख्यायिकेने ते फळ्यांच्या फटींतून अक्षरशः ठिबकविले. क्लिसोंच्या बाबतीतही असेच घडले. जानने आपल्या लहान मुलांना नांतच्या वेशीपाशी नेऊन पित्याचे शिर दाखविले, ही कथा फ्रॉयसारमध्ये नाही. एमिल पेआँसारख्या एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी मात्र या मातेचे चरित्र मोठ्या आवडीने रंगविले. दोन वध, दोन शतके. आणि दोन्हींच्या आख्यायिकांत पित्याच्या रक्तासमोर उभे केलेले मूल! हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

म्हणून अशी आख्यायिका पुरावा म्हणून स्वीकारणे जितके चूक, तितकेच ती केवळ भाकडकथा म्हणून टाकून देणे चूक. ती हरवलेल्या अर्थाचे उशिरा झालेले भाषांतर आहे, आणि प्रत्येक भाषांतराप्रमाणे तिच्यातही काही गळून पडले आहे. आख्यायिकेतील मुले मुकी आहेत. ती उभी राहतात आणि भिजतात. लेखांतील मुले तशी नाहीत. क्लिसोंचा मुलगा इंग्लंडच्या आश्रयाने वाढला, पुढे फ्रान्सच्या बाजूस आला आणि १३८० मध्ये पित्याचा शिरच्छेद करणाऱ्या त्याच राज्याचा सरसेनापती झाला. नमूरच्या मुलांनी १४८४ मध्ये राज्यसभेकडे दाद मागितली. त्यांच्यापैकी लुई १५०३ मध्ये चेरिन्योलाच्या रणांगणावर फ्रान्सच्या सैन्याचे नेतृत्व करताना पडला. तुटलेला धागा पुन्हा जोडण्याची त्यांची ही धडपड रक्ताच्या थेंबांइतकी चित्रमय नाही. परंतु तिची नोंद आहे, आणि वधमंचाखाली उभ्या केलेल्या मुलांकडे पाहताना याच नोंदीकडे आजवर दुर्लक्ष झाले आहे.