लग्नाची बैठक रंगमंचावरून कुठे गेली?

प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ १९९१ साली आलं. २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ते नव्या संचात पुन्हा उभं केलं आणि प्रेक्षकांनी त्याला पुन्हा भरभरून प्रतिसाद दिला. लग्नाशिवाय तीन मुलींना वाढवणारी आई, फोनवर नवऱ्याला जाब विचारणारी विद्या, दोन पुरुषांसोबत आयुष्य काढायचं म्हणणारी विनी, यांतलं कोणीच शिळं वाटलं नाही. नाटकाच्या ताकदीची ही पावती आहेच. पण तीस वर्षांनंतरही लग्नसंस्थेला विचारलेला आपला सगळ्यांत धीट प्रश्न हाच असावा, याची मला काळजी वाटते. मराठी नाटक-सिनेमा नवरा-बायकोच्या मनात खोलवर उतरला. लग्न जिथे ठरतं त्या बैठकीत जाऊन बसणं मात्र त्याने जवळजवळ सोडून दिलं.

सुरुवात अशी नव्हती. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) व्यवहारच मध्यभागी आहे. म्हातारा भुजंगनाथ पैसे मोजायला तयार, कांचनभट लेक द्यायला तयार आणि दोघांमधला दुवा भद्रेश्वर दीक्षित. आमिष, घासाघीस, खोटी भलामण सगळं प्रेक्षकांसमोर घडतं. शारदेचं दुःख पदांतून काळजाला भिडतं, पण त्या दुःखाचा भाव कोणी आणि कसा ठरवला हे देवल दाखवून देतात. या नाटकाची दुबळी जागा शेवटाकडे आहे. भुजंगनाथ सगोत्र निघतो आणि शंकराचार्यांच्या निर्णयाने शारदेची वाट मोकळी होते. बापाचा लोभ हा गुन्हा म्हणून पुरेसा ठरत नाही. जरठ-कुमारी विवाहावरच्याच ‘कुंकू’त (१९३७) शांता आपटे यांनी उभी केलेली बंडखोर तरुणी आजही अंगावर येते. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या चित्रपटातही तिची सुटका म्हाताऱ्या नवऱ्याच्या आत्महत्येमुळेच होते. प्रश्न रोखठोक आणि उत्तर मात्र बाहेरून आलेलं, ही त्या काळाची मर्यादा. तरी लग्नात पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, हे त्या पिढीने लपवलं नाही. मामा वरेरकरांनी तर ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकातून हुंडा घेणाऱ्या बापाला थेट शीर्षकातच आणून उभं केलं.

या वाटेवरचं सगळ्यांत मोलाचं काम माझ्या मते विभावरी शिरूरकरांचं आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध झालं आणि मोठा गदारोळ उठला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनातलं मराठीत इतकं उघड कोणी लिहिलं नव्हतं. गदारोळ झाला तो या मोकळेपणामुळे. त्यातल्या एका गोष्टीची धार मात्र वेगळीच आहे. मुलगी कमावते, घर तिच्या पगारावर चालतं, म्हणून तिचं लग्न घरच्यांना नकोसं होतं. इथे बाप भुजंगनाथाकडून पैसे घेत नाही, लेकीच्या पगारावरच जगतो. मायेच्या बोलण्यामागचं हे गणित शिरूरकरांनी नेमकं पकडलं. पुढच्याच वर्षीच्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये त्यांनी लग्नाबाहेरच्या सहजीवनाचा विषय हाती घेतला आणि पुढची चर्चा या दुसऱ्या दिशेने अधिक गेली.

ती दिशा म्हणजे उंबरठा ओलांडणारी नायिका. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त (१९४२) बायकोची कीर्ती नवऱ्याला सोसत नाही. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) स्मिता पाटील यांची सुलभा नोकरीसाठी घर सोडते, परत येते आणि पुन्हा निघते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे अविवाहित असल्याची आणि आई होणार असल्याची शिक्षा भोगते. या साऱ्या कृतींनी मराठी प्रेक्षकाला खूप दिलं. एका बाईची घुसमट घरगुती कुरबुर नसून सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी पटवलं. पण यांतल्या बहुतेक बायका शिकलेल्या, शहरी, मध्यमवर्गीय आहेत. त्यांचं लग्न कसं ठरलं, कोणत्या जातीत, किती देण्याघेण्यावर, हे आपल्याला सहसा कळत नाही. पडदा उघडतो तेव्हा त्या सासरी आलेल्याच असतात.

ही पोकळी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी भरून काढली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) कोवळ्या वयात सासरी आलेली पोर, तिच्यावर लादलेलं काम, तिची उपासमार, पळून जाऊ नये म्हणून पायात अडकवलेला खोडा, हे सगळं जातीच्या आणि भुकेच्या वर्णनासोबतच येतं. नवऱ्याचा स्वभाव एकीकडे आणि समाजाची रचना दुसरीकडे, अशी वाटणी त्या करत नाहीत. आपल्याच समाजातल्या सासवांबद्दलही त्यांनी हातचं काही राखलं नाही. मुख्य धारेतल्या नाटकाने या लेखनाकडून जे शिकायला हवं होतं, ते अजून शिकलेलं नाही.

मालिकांबद्दल फार लिहिण्याजोगं नाही. तिथे लग्न आठवडाभर चालतं, मेंदी आणि संगीत होतं, पण याद्या कधी होत नाहीत.

सिनेमाने मात्र अलीकडे ही कोंडी फोडली आहे. ‘सैराट’मध्ये (२०१६) नागराज मंजुळे यांनी जात आणि लग्न यांचा संबंध रक्तापर्यंत नेऊन दाखवला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने (चित्रपटगृहांत २०२५) तेच काम आवाज न चढवता केलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप आणि पुन्हा पुन्हा पुरुषांच्या घोळक्यासमोर बसवली जाणारी सविता. दर वेळी तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची. कॅमेरा घाई करत नाही. ही तोच-तोपणाची शिक्षा प्रेक्षकालाही भोगावी लागते आणि त्यातच दिग्दर्शकाचं कौशल्य आहे. कापसाचा भाव आणि लेकीचं लग्न एकाच वहीत मांडलं जातं, हे मराठी पडद्यावर इतक्या स्वच्छपणे मी पाहिलेलं नव्हतं.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्यानंतर मागणी उघडपणे होत नाही. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तुम्ही बघा,’ असं म्हटलं जातं आणि समोरच्याला आकडा समजतो. मानपान, बस्ता, कार्यालय कोणी ठरवायचं, प्रत्येक वाक्यात एक न बोललेलं वाक्य असतं. नाटककाराला याहून जिवंत संवाद कुठे मिळणार? आणि मुलांकडची बाजूही आता बदलली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुली मिळत नाहीत म्हणून अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून मोर्चा काढला. वर्तमानपत्रांनी तो गमतीने छापला. त्यामागे गर्भातच मारलेल्या मुली आहेत, शेतीची दुर्दशा आहे आणि ‘नोकरीवालाच हवा’ ही मुलीच्या बापाची रास्त भीती आहे. ‘नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री’ (२०२४) या चित्रपटाने शेतकरी मुलाच्या लग्नाचा हा विषय घेतला, ही चांगली गोष्ट झाली. व्यावसायिक रंगभूमीने मात्र त्याला अजून हात लावलेला नाही.

आज नाटक लिहिणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. नायिकेला घराबाहेर काढण्याआधी ती या घरात कशी आली, तो दिवस लिहा. दिवाणखान्यात दोन्हीकडचे बाप, मामा आणि मध्यस्थ बसू द्या, आणि आत स्वयंपाकघरात बसलेल्या बायकांना काय ऐकू येतं तेही आम्हाला ऐकू द्या.