संकटग्रस्त वनस्पतींची प्रतवारी : शिंदळ माकुडीच्या निमित्ताने

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने नायर व शास्त्री यांच्या संपादनाखाली १९८७ ते १९९० या काळात 'रेड डेटा बुक ऑफ इंडियन प्लांट्स'चे तीन खंड प्रसिद्ध केले. या ग्रंथाचे ऋण मान्य करूनच त्याच्या आजच्या वापराविषयी काही आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते.

या खंडांतील प्रतवारी परिमाणात्मक निकषांपूर्वीची आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने असे निकष १९९४ मध्ये स्वीकारले व २००१ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले. तत्पूर्वी 'दुर्मीळ' ही स्वतंत्र कोटी होती. ती पुढे वगळण्यात आली. मूळचेच विरळ असणे आणि ऱ्हास पावणे या भिन्न गोष्टी होत. आपल्या शोधनिबंधांत मात्र ही जुनी कोटी नव्या निकषांच्या शेजारी अद्याप निर्धास्तपणे वावरते.

शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ओळखली जाणारी मांसल वनस्पती केवळ महाराष्ट्रात, शिवनेरी व वज्रगडासारख्या ठिकाणच्या उभ्या कड्यांवर आढळते. व्याप्त क्षेत्र मोजताना २ किमी बाजूचे चौकोन वापरतात. त्यामुळे कड्याच्या एका फटीत चारच झुडपे असली, तरी नकाशावर ४ चौ. किमी क्षेत्र भरते. त्यातील बहुतांश भाग पठार वा शेतजमीन असू शकतो. हे क्षेत्र एकूण १० चौ. किमीपेक्षा कमी असणे हा अतिसंकटग्रस्त कोटीचा एक उंबरठा आहे. परंतु तेवढ्याने कोटी सिद्ध होत नाही. अधिवासांची अत्यल्प संख्या वा विखंडन, सततची घट आणि तीव्र चढउतार यांपैकी किमान दोन बाबी दाखवाव्या लागतात. नेमका हाच पुरावा आपल्याकडे अपुरा पडतो. एका पावसाळी सहलीत मिळालेला नमुना वनस्पतीचे अस्तित्व सिद्ध करतो, तिची घट नव्हे.

याहून गंभीर दोष संवर्धनाच्या मूल्यमापनात आहे. फांदीच्या तुकड्यापासून ही वनस्पती सहज रुजते. त्यामुळे उद्यानांतील कुंड्यांची संख्या यशात धरण्याची प्रवृत्ती दिसते. एका झुडपाची शंभर छाटकलमे आनुवंशिकदृष्ट्या एकच झुडूप होय, हे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगावे लागू नये! शिवाय प्रतवारीत मोजली जातात ती निसर्गातील प्रौढ झाडे.

त्याच कड्यावर दरवर्षी फुलोऱ्याच्या दिवसांत जाऊन फुले, फळे आणि नवी रोपे मोजणे, हे काम किल्ल्यांच्या परिसरातील महाविद्यालयेच करू शकतात. ते एका सत्राच्या प्रकल्पात बसत नाही, म्हणून कोणी हाती घेत नाही.