नाव बदलले, चिन्ह राहिले : 'डब्ल्यू. डब्ल्यू. एफ.' या पर्यावरण संस्थेचे नामांतर व संकेतस्थळ – एक चिकित्सा

प्रस्तावना :
पर्यावरणक्षेत्रात कार्य करणाऱ्या संस्थेचे नाव, बोधचिन्ह व संकेतस्थळ ही केवळ प्रसिद्धीची साधने नसतात. निसर्ग म्हणजे काय आणि तो कोणासाठी राखावयाचा, याविषयीची संस्थेची भूमिका त्यांतून व्यक्त होते. या दृष्टीने १९६१ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' या संस्थेचे उदाहरण उद्बोधक आहे.

बोधचिन्हाची जडणघडण :
लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील ची-ची या पांडा मादीवरून जेराल्ड वॉटरसन यांनी प्राथमिक रेखाटने केली व पीटर स्कॉट यांनी त्यांना बोधचिन्हाचे रूप दिले. प्राणी देखणा, लोकप्रिय व संकटग्रस्त असावा, त्याचबरोबर कृष्णधवल छपाईचा खर्चही वाचावा, असा दुहेरी विचार या निवडीमागे होता. १९७८ व १९८६ मध्ये ही आकृती उत्तरोत्तर सुटसुटीत करण्यात आली. १९८६ च्या आकृतीत पाठीची बाह्यरेषा गाळली असून, काळ्या भागांच्या आधारे पांढरा देह पाहणाराच मनाने पूर्ण करतो. अत्यंत लहान आकारातही ती ओळखू येते. त्यामुळे कागदासाठी घडलेले हे चिन्ह संगणकाच्या पडद्यावरही सहज रुळले. अल्परेखतेचा हा गुण निर्विवाद होय.

नामांतर आणि आद्याक्षरे :
१९८६ मध्ये संस्थेने 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर' हे नाव स्वीकारले. वन्यजीवांपुरते मर्यादित नाव विस्तारलेल्या कार्याला अपुरे पडत होते. अमेरिका व कॅनडा येथील शाखांनी मात्र जुनेच नाव कायम ठेवले. १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय शाखेने १९८७ मध्ये नवे नाव घेतले. 'वन्यजीव' या शब्दाकडून 'निसर्ग' या शब्दाकडे झालेला हा प्रवास वैचारिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. कारण निसर्ग म्हटले की नदी, माती, समुद्र आणि माणूसही त्यात येतो.

परंतु येथेच एक विसंगती आढळते. ज्या 'नेचर' या शब्दासाठी नामांतर झाले, त्याला आद्याक्षरांत स्थानच नाही. ओळख टिकविण्यासाठी जुनी तीन अक्षरे राखली गेली आणि नवा आशय त्यांच्या बाहेर राहिला. याच अक्षरांवरून अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती कंपनीशी संस्थेचा वाद झाला. १९९४ चा करार मोडल्याचा संस्थेचा दावा २००१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केला. २००२ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम झाला आणि मे २००२ मध्ये कंपनीने आपले नाव बदलले. महाजालावर वाचक अक्षरांच्या आधारेच संस्थेपर्यंत पोहोचतो, हे ध्यानात घेता हा लढा अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि, आशयापेक्षा अक्षरे अधिक मोलाची ठरल्याचेही त्यातून दिसते.

संकेतस्थळाची रचना :
संकेतस्थळाचा पत्ता हेही एक नावच असते. आंतरराष्ट्रीय संकेतस्थळाने आपल्या पत्त्यात 'पांडा' हा शब्द घेतला, तर अमेरिकी शाखेने 'वर्ल्ड वाइल्डलाइफ' हा. एका ठिकाणी चिन्ह, दुसऱ्या ठिकाणी पूर्वीचे नाव. 'निसर्ग' दोन्हींकडे अनुपस्थित. अमेरिकी व ब्रिटिश संकेतस्थळांवर एखाद्या प्राण्याला प्रतीकात्मक 'दत्तक' घेण्याची योजना आहे. देणगीदाराला सहभागाची सोपी वाट मिळते, हा तिचा लाभ. मात्र त्यामुळे संवर्धन म्हणजे आवडत्या प्राण्याचे पालकत्व, असा समज दृढ होतो. १९९८ पासून प्रसिद्ध होणारा 'लिव्हिंग प्लॅनेट' अहवाल पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संख्येतील बदलांचा मागोवा घेत मानवी उपभोगाकडे बोट दाखवतो. अहवाल वाचकाला प्रश्न विचारतो. दत्तकयोजना त्याला समाधान देते. एकाच संस्थेचे हे दोन चेहरे परस्परांशी बोलत नाहीत.

या त्रुटीचे गांभीर्य केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. आफ्रिका व आशियातील काही संरक्षित क्षेत्रांत वनरक्षकांनी स्थानिकांवर अत्याचार केल्याचे आरोप २०१९ मध्ये पुढे आले. नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांचा त्या कृत्यांत सहभाग आढळला नाही. परंतु मानवी हक्कांविषयीची स्वतःची वचने पाळण्यात संस्था कमी पडल्याचे समितीने नोंदवले. ज्या चित्रात पांडा आहे पण जंगलाशेजारचा माणूस नाही, ते चित्र अशा प्रश्नांकडे पाहण्याची सवय लावत नाही. चिन्हामुळे अत्याचार घडले, असा याचा अर्थ नव्हे; परंतु ज्याचा चेहरा दिसत नाही त्याची तक्रार उशिरा ऐकू येते, एवढे निश्चित.

निष्कर्ष :
२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने पांडाची नोंद 'संकटग्रस्त' श्रेणीतून तुलनेने कमी धोक्याच्या 'असुरक्षित' श्रेणीत केली. अधिवासाच्या रक्षणाचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे पांडा वाचतो तो बांबूच्या वनासह. नव्या नावाला हेच सांगावयाचे होते. पर्यावरण संस्थेची नवी ओळख यशस्वी झाली की नाही, याची कसोटी चिन्ह किती ठिकाणी ओळखले जाते ही नसून, त्या चिन्हामागचे वन आणि वनातील माणूस वाचकाला दिसू लागला का, ही होय. या कसोटीवर प्रस्तुत नामांतर अर्ध्या वाटेवर थांबलेले दिसते.