तैलरंगातील बोधिसत्त्व : अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा पुनर्विचार

धाराशिव शहरालगतच्या लेण्यांपैकी दुसऱ्या लेण्याचा आराखडा अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळतो, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. वास्तूची ही तुलना प्रत्यक्ष दगडावर करता येते. चित्रांच्या बाबतीत मात्र मूळ भिंत झिजलेली असल्याने अभ्यासकाला अनेकदा प्रतिकृतींचा आधार घ्यावा लागतो. त्या प्रतिकृतींची चिकित्सा म्हणूनच आवश्यक ठरते.

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेली बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह ते काम नव्याने केले. त्यांतील शंभराहून अधिक चित्रेही लंडनमध्येच जळाली.

प्रश्न माध्यमाचा आहे. अजिंठ्याचे चित्र मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, सरसासारख्या बंधकात कालविलेल्या खनिज रंगांनी रंगविलेले आहे. त्याला चकाकी नाही. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे कारुण्य प्रामुख्याने रेषेत आहे : झुकलेली पापणी, कमानदार भुवई, कमळ धरलेली बोटे. शरीराची गोलाई विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्र ज्याला ‘वर्तना’ म्हणते त्या छटांनी येते. एका बाजूने पडणाऱ्या प्रकाशाने नव्हे. पाश्चात्त्य पद्धतीच्या तैलचित्रणात मात्र छायाप्रकाशाला प्राधान्य असते. त्या शिस्तीत घडलेला हात बोधिसत्त्वाला देहाचे वजन देतो आणि रेषेचा अधिकार काढून घेतो. मग ध्यानस्थ मूर्तीऐवजी एखाद्या खिन्न राजपुत्राचे व्यक्तिचित्र समोर येते. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत १९०९ ते १९११ दरम्यान नंदलाल बोस व असितकुमार हालदार यांनी अजिंठ्यात नकला केल्या, तेव्हा रेषेचे भान पुन्हा जागे झाले.

याहून गंभीर दोष कॅनव्हासबाहेरचा आहे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतींवरच व्हार्निश चढविले. ते पिवळे पडले, त्यावर काजळी व धूळ बसली आणि पुढच्या पिढ्यांतील संवर्धकांना ते काढण्याचे नाजूक काम करावे लागले. नक्कल उजळावी म्हणून अस्सल चित्र झाकोळले गेले!

तथापि या तैलचित्रांना निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उरलेल्या ग्रिफिथ्स-संचात असेही तपशील आहेत, जे त्यानंतर भिंतीवरून गळून गेले. तेथे रेषेसाठी नव्हे, तर आकृत्यांच्या मांडणीसाठी हाच कॅनव्हास पाहावा लागतो.