वाढत्या अंगाची रायफल

मुलांसाठी कपडा घेताना दुकानात आपण हमखास सांगतो, "वाढत्या अंगाचा दाखवा." गणवेश, पावसाळी बूट, सायकल, सगळंच एक माप मोठं घेतो. बाही दुमडता येते, बुटात कापूस कोंबता येतो, म्हणून ते चालूनही जातं. दहा मीटर नेमबाजीसाठी मुलाची पहिली रायफल निवडताना मात्र हे चालत नाही. ती आजच्या अंगाचीच हवी. गेल्या पावसाळ्यात एक जुनी रायफल पाहिली आणि हे नीट उमगलं. कविता ओळीओळीनं वाचावी तशी ती रायफल मी वाचली. तिच्याविषयी सांगायचं आहे.

माझी भाची अकरा वर्षांची, घर पौडजवळ. पिरंगुट, लवळे, नांदे करत आम्ही म्हाळुंगे-बालेवाडीकडे सरावाला येतो. म्हाळुंगे मूळचं मुळशी तालुक्यातलंच. २०२१ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं. वर्षभर ती क्लबच्या रायफलीवर शिकली, आणि हे फार बरं झालं. मूल टिकतंय का, त्याला यात गोडी आहे का, हे कळल्याशिवाय रायफल घेऊच नये. मग एका घरची मुलगी मोठी झाली आणि त्यांनी तिची ज्युनिअर रायफल विकायला काढली. जर्मन बनावटीची, ४.५ मिलिमीटरची, दाबलेल्या हवेवर चालणारी.

पेटी उघडल्यावर पहिली नजर गेली ती लाकडावर. फिकट, घट्ट, बारीक रेषांचं लाकूड. मुठीच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी लहान तळव्यानं ते गुळगुळीत झालेलं. उचलून पाहिली, साडेतीन किलोच्या आसपास भरली. मोठ्यांच्या स्पर्धेत रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. भाचीचं वजन तीस किलो. तिच्या हातात पाच किलोची रायफल देणं म्हणजे साठ किलोच्या माणसाला दहा किलोचं ओझं धरून उभं करणं. तशात मोठ्यांची फेरी साठ शॉटची, पंचाहत्तर मिनिटांची असते. उभ्यानं नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडाशी टेकवतात आणि वजन थेट हाडांवरून पायांत उतरवतात. हात फक्त आधाराला असतो. रायफल पेलवेनाशी झाली की मूल कमरेतून मागे कलतं, मान वाकडी करतं, आणि पुढं कित्येक वर्षं ती मोड निघत नाही.

मग बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. माझ्या दृष्टीनं रायफलीचा सगळ्यात बोलका भाग हाच. माप घेण्याची रीत सोपी आहे. हात कोपरात काटकोनात वाकवायचा, बटाची मागची बाजू कोपराच्या खोबणीत टेकवायची आणि तर्जनीचं पेर सहज ट्रिगरवर पडतंय का ते पाहायचं. ताणावं लागलं तर रायफल लांब. क्लबच्या सरांनी दोन स्क्रू सैल केले, बटाची पट्टी आत सरकवली, वर-खाली केली, पुन्हा कसली. भाचीनं रायफल खांद्याला लावली. मान ताठ, आणि गालपट्टीवर गाल अलगद टेकलेला. सर क्लबमध्ये रोज सांगतात, "गाल रायफलीकडे न्यायचा नाही, रायफल गालाकडे आणायची." क्लबच्या मोठ्या रायफलीवर तिला ते कधी जमलं नव्हतं. या रायफलीनं ते न सांगता करून घेतलं. तिनं डोळे मिटले, दोन श्वास घेतले, उघडले, आणि म्हणाली, "मामा, ती तिथंच आहे." डोळे मिटून उघडल्यावरही नळी लक्ष्यावरच राहिली, तर रायफल अंगाला बसली असं खुशाल समजावं.

मागच्या साईटच्या बारीक छिद्रातून पुढची कडी दिसते, कडीत लक्ष्याचा काळा गोल आणि त्याच्याभोवती पांढरं कडं. ते कडं सगळीकडून सारखं दिसलं की नेम बरोबर. नवख्या मुलासाठी पुढची कडी जरा मोठी ठेवतात. पांढरं पुरेसं दिसलं की डोळा ताणत नाही, मूल नेम धरून ताटकळत नाही. शालेय स्पर्धांत ओपन साईटचा वेगळा गट असतो. त्यात मागे खाच आणि नळीच्या टोकावर माशी, एवढंच. कमी खर्चात सुरुवात करायला तो गट उत्तम आहे. कोणतीही साईट असो, आधी मुलाचा जोरकस डोळा कोणता ते तपासावं. उजव्या हातानं लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा जोरकस निघतो.

ट्रिगरवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ रमलो. तो दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा मऊ, बोट येऊन एका कडेला थांबतं. पुढं अगदी थोडा दाब वाढला की शॉट सुटतो. आमच्या डोंगरात मे महिन्यात करवंदं तोडणाऱ्याला हे लगेच कळेल. कच्चं करवंद ओढावं लागतं, फांदी हलते, बोटाला चीक लागतो. पिकलेलं नुसत्या स्पर्शानं हातात येतं, फांदीला पत्ताही लागत नाही. चांगला ट्रिगर पिकलेल्या करवंदासारखा सुटतो. स्प्रिंगच्या साध्या छऱ्याच्या बंदुकीत नळी मोडून जोरानं कॉक करावी लागते, आणि शॉट सुटताना स्प्रिंगचा हिसका बसतो. दाबलेल्या हवेच्या रायफलीत तो हिसका जवळजवळ नसतो, कॉक करायला दोन बोटांचं बळ पुरतं. म्हणून चाळिसाव्या शॉटलाही मूल पहिल्या शॉटसारखंच उभं राहतं. जुनी रायफल घेताना हवेच्या नळकांड्याची मुदत मात्र आवर्जून तपासावी. त्यात दोनशे बारपर्यंत दाब असतो.

हे सगळं कशासाठी? समोरच्या दहाच्या ठिपक्याचा व्यास आहे अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. पेलेट अर्ध्या ग्रॅमचं, कमरेत बारीक, डमरूसारखं. तोंड सपाट, कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. ते शिशाचं असतं, म्हणून डबा बंद केल्यावर साबणानं हात धुवायचे, हाही धड्यातलाच भाग.

मुळशीत बंदूक म्हटलं की पालकांच्या छातीत धस्स होतं. २०१८ मध्ये आलेल्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटानं जमिनी गेलेल्या घरांतली गुन्हेगारीकडे वळलेली पोरं सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. ती भीती खोटी नाही. म्हणूनच रायफलीसोबत शिस्त घरात यायला हवी. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, सराव थांबला की नळीतून रंगीत दोरी आरपार, घरी कुलुपात. वीस ज्यूलपर्यंतच्या ४.५ मिलिमीटर हवाई रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पण परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. होल्यावर, बुलबुलावर छरे झाडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि मुलाच्या मनावर तर त्याहून मोठा ओरखडा. जो हात दहा मीटरवरच्या कागदासाठी श्वास रोखतो, त्याला पाखराकडे वळू देऊ नये.

घाई तर मुळीच करू नये. अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती कॉलेजात, एनसीसीत. २००२ मध्ये म्युनिकला त्या 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकलाच ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बालेवाडीत घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. तेजस्विनी आणि स्वप्नील यांची ही पदकं .२२ च्या रायफलीवरची, दारूच्या काडतुसाची. परवाना आणि वयाची अट असलेली ती रायफल पुढची इयत्ता आहे. पहिलीच्या वर्गाला दहा मीटरची हवा पुरते.

आम्ही रायफल घेतली. नवी परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, ही त्या मानानं बरीच कमी किमतीत मिळाली. घरी येऊन बट पुसत होतो, तेव्हा पट्टी जिच्यावर सरकते त्या धातूच्या दांडीवर पेन्सिलीच्या तीन बारीक रेघा दिसल्या. प्रत्येकीशेजारी महिना आणि वर्ष. आधीच्या मुलीच्या वाढीच्या खुणा होत्या त्या. दाराच्या चौकटीवर उंची मांडावी तशा, एकीपासून दुसरी काही मिलिमीटर पुढं. रायफल त्या मुलीला कधी मोठी झाली नव्हती, कधी लहानही झाली नव्हती. दरवेळी आजच्या मापाला बसून उद्याला जागा ठेवत आली होती. कापडाच्या दुकानात आपण मागतो ते वाढतं अंग असंच असायला हवं.

भाचीची पट्टी आज पहिल्या रेघेच्याही आत आहे. तिनं पेन्सिल आणली आणि तिथं चौथी रेघ मारली.