मखमली पडदा आणि २९ हर्ट्झ

'लक्झरी होम थिएटर' असं एकदा शोधून बघा. तळघरात तिकीट खिडकी, दारावर दिव्यांची झगमगती पाटी, आत लाल मखमल, सोनेरी नक्षी आणि रंगमंचाची कमान. अमेरिकेत १९२०च्या दशकात बांधलेल्या 'मूव्ही पॅलेस'ची ही घरगुती नक्कल. थिओ कालोमिराकिस हे या शैलीतलं ओळखीचं नाव. ती देखणी आहे, यात वाद नाही. पण आज आपण तिच्याकडे पेपर तपासणाऱ्याच्या नजरेने बघू. प्रश्न एकच: मूळ गोष्ट ज्या कारणाने चालायची, ते कारण नकलेत उतरलंय का?

न्यूयॉर्कचं रॉक्सी (१९२७) घ्या. सुमारे ६००० खुर्च्या! एवढ्या हॉलमध्ये आवाज घुमत राहण्याची भीती मोठी. तो शोषून घ्यायला पडदे, गाद्या आणि मुख्य म्हणजे माणसं. यामागचं गणित हार्वर्डच्या वॉलेस सबाइनचं. १८९५ साली त्याच्याकडे एक बिघडलेलं व्याख्यानगृह सोपवलं गेलं. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मोजमाप केलं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेलं सूत्र आज मीटरमध्ये असं लिहितात: घुमण्याचा काळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. हे काम हाती आलं तेव्हा त्याचं वय सुमारे २७ होतं आणि पीएचडी नव्हती. (हे गाइडला सांगू नका.)

आता घरातली ६ मीटर लांबीची खोली. घनफळच इतकं कमी की आवाज फार घुमतच नाही. इथला आजार वेगळा. आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद. त्याला लांबीच्या दुपटीने भागा. उत्तर सुमारे २९ हर्ट्झ. पुढे ५७, ८६. या स्वरांना एका खुर्चीवर ढोल बडवल्यासारखं होतं, तर दुसरीवर तोच आवाज गायब. ४० मीटरच्या हॉलमध्ये हाच पहिला आकडा ४ हर्ट्झ येतो, जो कानाला ऐकूच येत नाही.

मखमल इथे काय करते? २९ हर्ट्झची तरंगलांबी जवळपास १२ मीटर. तिच्यापुढे पातळ कापड म्हणजे काहीच नाही. उलट जास्त मखमल लावली की वरचे स्वर खाल्ले जातात आणि संवाद मंद वाटतात. म्हणजे औषध जुन्या आजाराचं, रोगी नवा. जाणकार डिझायनर कापडी भिंतीमागे जाड बास ट्रॅप दडवतात. खरं काम ते करतात, फोटोत मात्र मखमल दिसते.

एक गोष्ट मात्र या शैलीत खरंच उतरते. दिवे हळूहळू मंद होणं, पडदा सरकणं. त्याचा आनंद खोलीच्या आकारावर अवलंबून नाही.

हे सगळं का सांगतेय? पहिल्या वर्षी मीसुद्धा एका मोठ्या प्रयोगाची पद्धत जशीच्या तशी माझ्या छोट्या सेटअपवर लावली होती. चार महिने गेले. पद्धत चूक नव्हती, आकार वेगळा होता. तुमच्या प्रपोजलमध्ये 'अमुक पेपरप्रमाणे' असं लिहाल, तेव्हा थांबा. त्यांची अडचण कोणती होती? तुमचीही तीच आहे का? नसेल, तर तुम्ही मखमल लावताय.