दुखणं एक, चाचणी दुसरीच

बॉयलरच्या नळ्यांवरच्या लेपांचे पेपर वाचायला घेतलेत, की एक प्रयोग तुम्हाला पुन्हापुन्हा भेटेल. नमुन्यावर सोडियम सल्फेट आणि 60 टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचं मिश्रण, 900 अंश सेल्सियस, एक तास भट्टीत, 20 मिनिटं बाहेर, अशी 50 आवर्तनं. वजनवाढीचा आलेख निघतो, लेपवाला नमुना जिंकतो. प्रस्तावनेत मात्र कोळशावरच्या वीजकेंद्राची रडकथा असते.

इथे जरा थांबा. व्हॅनेडियम येतं ते मुख्यतः जड इंधन तेलातून. आपल्या कोळशात गंधक कमी, राख बहुधा 30 ते 45 टक्के. त्या राखेतले क्वार्ट्झचे कण नळी घासून काढतात, आणि नळीचा धातू 900 अंशांच्या आसपासही जात नाही. मग गंजाला पुरून उरलेला लेप राखेच्या माऱ्यातही टिकेल, हे कुठून आलं?

चाचणी खोटी नाही. वितळलेलं मीठ ऑक्साइडचा संरक्षक थर कसा विरघळवतं, ते तिच्यातून छान कळतं. पहिल्या वर्षी मीही ती जशीच्या तशी उचलली होती. तुलनेला आकडे आयते मिळतात ना! तुम्ही प्रस्तावात आधी इंधन, धातूचं तापमान आणि कण आदळण्याचा कोन लिहा. ठिसूळ लेप तिरक्या माऱ्यापेक्षा सरळ, 90 अंशांच्या माऱ्यात जास्त झिजतो.